पावसाचा श्वास

कर्नाळ्याला मी वर्षातून दोनदा तरी जातोच. एकदा मार्चमध्ये, एकदा श्रावणात. पनवेलहून बाराएक किलोमीटर, गोवा महामार्गाला अगदी लागून हे जंगल.

मार्चमध्ये साग उघडेबोडके. पायाखाली त्यांची पानं पापडासारखी मोडतात. मधेच एखादा कोशिंब लालबुंद पालवीनं पेटलेला. पाऊस तीन महिने लांब. मग ही पालवी आली कशाच्या जोरावर? गेल्या मोसमात खोडामुळांत साठवलेल्या पिष्टावर. कणगीतलं धान्यच म्हणा. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरेपर्यंत तो लाल रंग उन्हाला आडोसा धरतो.

श्रावणात सागाचं पान सुपाएवढं झालेलं असतं. उलटं केलं की खालची बाजू लवदार, फिकी. तिथं डोळ्यांना न दिसणारी असंख्य रंध्रं आहेत. त्यांतून हवा आत शिरते. हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू जेमतेम 4 भाग. सुक्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं, आणि तो कार्बन मातीतला नाही, या वाऱ्यातला. सागाच्या बुंध्याला पाठ टेकली की हे आठवतं आणि मी गप्प होतो.

शाळेत मला वाटायचं, झाड कर्बवायूतलाच प्राणवायू सोडवून आपल्याला देतं. तसं नाही. 1941 मध्ये कॅलिफोर्नियात रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड प्राणवायूची खूण असलेलं पाणी शैवालाला दिलं. बाहेर पडलेल्या वायूत तीच खूण सापडली. उजेडाच्या बळावर पान पाणी फोडतं, हायड्रोजन साखरेसाठी ठेवतं, प्राणवायू सोडून देतं. म्हणजे कर्नाळ्याच्या सुळक्यावर कोसळलेला, मातीत मुरलेला, मुळांनी वर ओढलेला आषाढ इथं मोकळा होतो. पनवेलच्या पावसाला कंटाळलेल्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं: तुमच्या छातीत आत्ता भरलाय तो कुठलातरी जुना पाऊस आहे.

परवा उतरताना अंधारून आलं. ओल्या फांदीवरून पावशा केव्हाच उडून गेला होता. सवयीनं सागाचं कोवळं पान चुरायला हात पुढे केला; चुरलं की बोटं लाल होतात, लहानपणापासूनचा नाद. आजी म्हणायची, तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, झाडं झोपतात. उजेड गेला होता, पाणी फोडायचं काम थांबलं होतं. आता झाडही माझ्यासारखंच नुसता श्वास घेत होतं. मी हात मागे घेतला.