व्हिन स्कली : वाणी आणि मौन

वाणीच्या बळावर जगलेल्या माणसाची थोरवी त्याच्या मौनात शोधणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु अमेरिकेतील बेसबॉलचे समालोचक व्हिन स्कली यांचा विचार करताना हा विपरीत मार्गच सरळ ठरतो. १९५० ते २०१६ असे सदुसष्ट हंगाम त्यांनी डॉजर्स या एकाच संघाच्या सामन्यांचे धावते वर्णन केले. बेसबॉल हा मुळात थांबून थांबून चालणारा खेळ. दोन चेंडूंमधील रिकामा वेळ कसा भरावा, हा समालोचकापुढील नित्याचा प्रश्न. तो केव्हा भरू नये, हे स्कलींनी जाणले होते.

या जाणिवेचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. १९२७ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेल्या स्कलींचे पितृछत्र लहानपणीच हरपले. घरात चार पायांचा मोठा रेडिओ होता. आठ वर्षांचा हा मुलगा त्याच्याखाली उशी घेऊन पडून राही आणि दूरच्या महाविद्यालयांचे फुटबॉल सामने ऐके. त्या संघांशी त्याचा काहीच संबंध नव्हता. प्रेक्षकांचा जल्लोष वरून धारेसारखा अंगावर कोसळे, त्याचेच त्याला वेड होते. म्हणजे निवेदकाच्या शब्दांइतकाच शब्दांपलीकडचा ध्वनी त्याच्या मनात रुजला.

फोर्डहॅम विद्यापीठातून बाहेर पडल्यावर त्यांना रेड बार्बर या ज्येष्ठ समालोचकाचे मार्गदर्शन लाभले. १९४९ मध्ये बार्बरनी त्यांना बोस्टनला एका फुटबॉल सामन्यासाठी पाठविले. बंदिस्त कक्ष मिळेल या समजुतीने स्कलींनी कोट हॉटेलवरच ठेवला होता; प्रत्यक्षात थंडीत कुडकुडत मैदानाच्या छतावरून बोलावे लागले. श्रोत्यांना त्याची पुसटशीही कल्पना आली नाही. आपली गैरसोय वर्णनात येऊ न देणे, हा त्यांच्या संयमाचा पहिला धडा होय. समालोचकाने संघाचा कैवार घेऊ नये, ही शिकवण बार्बरांची.

१९५५ साली ब्रुकलिनच्या डॉजर्सनी पहिल्यांदाच जागतिक अजिंक्यपद जिंकले. स्कलींनी एका साध्या वाक्यात ती वार्ता सांगितली आणि ते थांबले. इतके शांत कसे राहिलात, असे पुढे लोकांनी विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे : आणखी एक शब्द उच्चारला असता, तर रडू आवरले नसते. संयम हा भावनेचा अभाव नसून तिचा बांध असतो, हे या उत्तरातून उमगते.

१९५८ मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला. तेथील कोलिझियम हे प्रचंड मैदान बेसबॉलसाठी बांधलेले नव्हते. दूरवर बसलेले प्रेक्षक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोरचाच खेळ स्कलींच्या आवाजातून समजून घेत. डोळ्यांनी पाहिलेल्यालाही शब्दांची साक्ष हवी असते, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे डॉजर्सविरुद्ध खेळताना हँक आरन यांनी ७१५ वा होमरन फटकावून बेब रूथचा विक्रम मोडला. स्कली श्रवणयंत्र उतरवून मागे सरले आणि त्यांनी जल्लोषाला बोलू दिले. नंतर त्यांनी जे सांगितले, त्यात इतिहासाचे भान होते : अमेरिकेच्या खोल दक्षिणेत एका कृष्णवर्णीयासाठी सारे मैदान उभे राहिले आहे. मौन आधी पाळले, म्हणूनच त्या विधानाला वजन आले.

खासगी आयुष्यात मात्र मौन असे स्वेच्छेने पाळायचे नसते. ते लादले जाते. १९७२ मध्ये पहिली पत्नी आणि १९९४ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात तेहेतीस वर्षांचा मुलगा त्यांनी गमावला. धर्मश्रद्धा आणि काम यांच्या आधाराने ते सावरले. पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर बसून, इतरांच्या आनंदाचे क्षण त्यांनी त्याच प्रसन्नतेने सांगितले. बोस्टनच्या छतावरचा तो धडा किती कठोर होता, हे येथे कळते.

२ ऑक्टोबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी अखेरचे समालोचन केले. २ ऑगस्ट २०२२ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रेडिओखाली पडलेल्या मुलाने जो जल्लोष ऐकला होता, तो स्वतः गप्प राहून त्यांनी असंख्य श्रोत्यांपर्यंत पोहोचविला.