रोहिणी, मृग, आर्द्रा

मे सरत आला की जामनेरच्या बाजारात एकच विषय निघतो : यंदा रोहिण्या बरसतील का? विहिरीला पाणी असलेल्यांची कपाशी तोवर लागून गेलेली असते. कोरडवाहूवाल्याची नजर मृगाकडे, मग आर्द्रांकडे. ही नावं ताऱ्यांची, पण त्या दिवसांत यांतला एकही तारा दिसत नाही. सूर्यच त्यांच्या जवळ आलेला असतो. तारा झाकलेला असताना त्याचं नाव सर्वांत जास्त घेतलं जावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हार्वर्ड वेधशाळेने १९१८ ते १९२४ या काळात हेन्री ड्रेपर यादी छापली. सव्वादोन लाख तारे, वर्गवारी ॲनी जम्प कॅनन यांची. तीत रोहिणी २९१३९, मृगशीर्षाची योगतारा (मुख्य तारा) ३६८६१, आर्द्रा ३९८०१. आकडे रुक्षच, पण चढत्या क्रमाने वाचले तर आपल्या पेरणीचाच क्रम लागतो! यादीतले क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात आणि सूर्यही वर्षभर त्याच दिशेने नक्षत्रं ओलांडतो. आकाशाचे नकाशे करणाऱ्या बायरने १६०३ मध्ये ताऱ्यांना साधारण तेजस्वितेनुसार ग्रीक अक्षरं दिली, त्यात रोहिणी आणि आर्द्रा दोघी आपापल्या तारकासमूहातल्या अल्फा ठरल्या, मृगशीर्षाच्या वाट्याला लॅम्डा आलं. शेतकऱ्याचा क्रम तिथे हरवतो.

ताऱ्याच्या नावाला आकडा जोडणं आपल्यालाही नवं नाही. आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) नक्षत्राच्या नावाबरोबर त्याची आकाशातली जागा सांगणारे ध्रुवक आणि शर असे दोन आकडे येतात. नुसत्या नावावर तारा सापडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाच्या मंजूर तारानामांच्या यादीत आज भरणी आणि रेवती आहेत. ड्रेपर यादीतल्या ८६०८१ क्रमांकाच्या ताऱ्याला २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांचं नाव मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. रोहिणी मात्र तिथे अल्देबरान. असू दे; जामनेरात रोहिणी म्हणायला कुणाची मंजुरी लागत नाही. खंत आहे ती, हे नाव घेणाऱ्या घरातल्या पोरांना तो तारा ओळखता येत नाही याची. संक्रांतीच्या सुमारास रात्री आठला गावाबाहेर, कांग नदीकडे जावं. नारिंगी रोहिणी जवळपास माथ्यावर असते, तिच्या पूर्वेला मृग, त्यातच तांबूस आर्द्रा. पोरांनी सोबत वही न्यावी आणि नावापुढे क्रमांकही लिहावा.