खिळ्याला टांगलेली रोटी

एका देशाच्या राजधानीचं नाव चक्क 'सोमवार' आहे, असं सांगितलं तर तुम्हांला खरं वाटेल? ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे. ताजिक भाषेत दुशान्बे म्हणजे सोमवार! पूर्वी तिथं दर सोमवारी बाजार भरायचा, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या पुण्यातल्या सोमवार पेठेची लांबची बहीणच म्हणा ना!

हा देश नव्वद टक्क्यांहून जास्त डोंगराळ. मी गेले होते उत्तरेकडच्या पंजकेंत गावाजवळच्या एका खेड्यात, लग्नाला. शेजारून जरफ्शान नदी वाहते. 'जर' म्हणजे सोनं, आपल्या जरीच्या काठातलं! ताजिक ही फारसीचीच एक बोली, त्यामुळे बाजार, दुकान, मेवा असे ओळखीचे शब्द सारखे कानांवर पडत होते.

दारातच नवरीच्या आजीनं छातीवर हात ठेवून स्वागत केलं. आजीला तिथं 'बीबी' म्हणतात. "हिंदुस्तान?" बीबीनं विचारलं, आणि लगेच हसून म्हणाली, "राज कपूर!" झालं, ओळख पटली.

जमिनीवर दस्तरखान अंथरलेलं होतं. त्यावर जर्दाळू, बदाम, हिरवा चहा आणि तंदुरातल्या गोल, नक्षीदार रोट्या. चहाचा पियाला मात्र अर्धाच भरलेला. मला वाटलं, कंजुषी की काय! पण पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून तो मुद्दाम कमी भरतात. खरी फजिती पुढंच झाली. मी रोटी घेतली आणि उरलेली पालथी ठेवली. बीबी काही बोलली नाही, हळूच हात पुढे करून तिनं ती उलथली. रोटी कधी पालथी ठेवायची नाही, असा तिथला नेम. लग्न ठरतं तेही रोटी मोडून. त्या विधीला 'नोनशिकनोन' म्हणतात.

आदल्या रात्री शेजारीपाजारी 'सब्जी' चिरायला जमले. मी भेंडी-वांगी शोधत बसले, तर समोर गाजरांचा डोंगर! ताजिकमध्ये सब्जी म्हणजे गाजर. पुलावासाठी त्याच्या बारीक काड्या करायच्या. पहाटे पुरुषमंडळींनी मोठ्या देगीत पुलाव रांधला. एकेकाळी अशा लग्नांपायी घरं कर्जात बुडायची. म्हणून 2007 साली सरकारनं कायदाच केला, लग्नाला दीडशेपेक्षा जास्त पाहुणे नकोत. (आईबाबांना हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा!)

दुपारी लांबलचक कर्णे वाजले. कर्ण्याला तिकडे 'कर्नाय' म्हणतात. वरात आली. नवरी निघाली तेव्हा आई रडली, बीबी रडली, आणि खरं सांगायचं तर मीही. नवऱ्याच्या अंगणात जाळ पेटवला होता. नवरा-नवरीनं त्याभोवती तीन फेरे घातले. निकाह आधीच झाला होता, तरी ही जुनी चाल सुटलेली नाही. मला आपल्या होमाची आठवण झाली.

संध्याकाळी परतले तेव्हा घर रिकामं रिकामं वाटत होतं. मग भिंतीकडे लक्ष गेलं. खिळ्याला एक वाळकी रोटी टांगलेली, कडेला एकच घास तोडलेला.

"ही कुणाची?" मी खुणेनं विचारलं.

नवरीच्या मोठ्या भावाची. तो रशियात बांधकामावर मजुरीला गेलाय. तिथल्या कितीतरी घरांतली तरुण मुलं अशीच जातात. निघताना त्यानं रोटीचा एक घास खाल्ला. उरलेली परत येऊन खायची, म्हणून ती घरात जपून ठेवायची. लग्नाचा खर्च त्यानंच पाठवला होता. रजा मात्र मिळाली नव्हती.

बीबीनं पदरानं रोटीवरची धूळ हलकेच पुसली. मग खाली दस्तरखानाकडे वळली आणि माझ्यासाठी पुन्हा अर्धा पियाला चहा ओतला.