गिळलेला शब्द

धर्मग्रामात घरभेटीला गेले की एक गोष्ट हटकून अनुभवास येते. जमिनीची वाटणी होऊन ३० वर्षे उलटलेली असतात. विहीर कुणाकडे गेली, केळीची वाडी कुणाला मिळाली, हे आता कुणी मनाला लावून घेत नाही. मात्र त्या दिवशी थोरली जाऊ काय बोलली, ते शब्द जसेच्या तसे, त्याच स्वरात ऐकवले जातात. नातवंडांची नावे विसरणाऱ्या आजीबाईंनाही तो शब्द विसरता येत नाही. शस्त्राची जखम भरते, शब्दाची भरत नाही, असे आपले वाडवडील म्हणत आले ते उगाच नव्हे.

अंगावर धर्मगुरूचा झगा चढला म्हणून या जखमांपासून सुटका होत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात असताना चर्चच्या छपराची दुरुस्ती निघाली. हिशेब पॅरिश कौन्सिलपुढे वाचला गेला होता, पावत्या कपाटात होत्या. तरीही एके दिवशी टपालाने निनावी पत्र आले. त्यात पैशांविषयी आरोप होता आणि शेवटी, नुकत्याच निवर्तलेल्या माझ्या आईविषयी एक वाक्य होते. आरोपाला पावत्यांचे उत्तर होते. त्या वाक्याला उत्तर नव्हते. पुढल्या रविवारी ख्रिस्तप्रसाद देताना एकेक तळहात पुढे येई आणि मन विचारी, ते पत्र लिहिणारा हात हाच का? निनावी पत्राचे खरे विष हेच. लिहिणारा एक असतो, पण संशयाची सावली साऱ्या कळपावर पडते.

हिशेब मी पुन्हा एकवार फलकावर लावला. प्रवचनात पत्राचा उल्लेख केला नाही. फादरांनी विषय मिटवला, असे कौन्सिलच्या मंडळींना वाटले. पण मिटलेले तोंड म्हणजे मिटलेले भांडण नव्हे, हे त्याच दिवसांत दावीद राजाची कथा पुन्हा वाचताना माझ्या ध्यानी आले.

पुत्र अबशालोम उलटल्यावर दावीद रडत, अनवाणी यरुशलेम सोडून निघाला. वाटेत शिमी नावाच्या माणसाने त्याच्यावर दगड फेकले, शिव्याशाप दिले. अबीशय त्याचे मस्तक उडवायला निघाला, तेव्हा दावीदाने त्याला आवरले आणि परमेश्वरावर भरवसा ठेवून तो पुढे चालू लागला. येथवरचा भाग आम्ही प्रवचनांत नेहमी सांगतो. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. राज्य परत मिळाल्यावर दावीदाने शिमीला शपथपूर्वक जीवदान दिले खरे. पण अखेरच्या दिवसांत शलमोनाला निरवानिरव सांगताना, त्याच शिमीला मोकळे सोडू नकोस, असे बजावले. इतकी वर्षे तो शब्द ओठांवर आला नव्हता, पण पोटातून गेलाही नव्हता. दावीदाने तो गिळला होता; देवाला वाहिला नव्हता. असा गिळलेला शब्द आपणही बाळगतो आणि त्याला सहनशीलता म्हणतो, कधी ‘माझा क्रूस’ म्हणतो.

प्रभू येशूचे वागणे याहून निराळे आहे. हन्नापुढे शिपायाने चपराक मारली, तेव्हा प्रभू गप्प बसला नाही. आपले काय चुकले ते दाखवून दे, असे त्याने शांतपणे विचारले. हेरोदापुढे मात्र त्याने अवाक्षर काढले नाही, कारण हेरोदाला सत्य नको होते, करमणूक हवी होती. आणि क्रुसावर, खाली टवाळी चालली असताना, त्याने त्याच माणसांसाठी पित्याजवळ क्षमा मागितली. तो शब्द त्याने परत फेकला नाही आणि गिळलाही नाही. पित्याच्या हाती दिला.

हे आपल्यासारख्यांना कसे साधावे? लिझ्यूच्या संत तेरेसाचे उदाहरण अगदी घरगुती आहे. १८८६ सालचा नाताळ. तिला चौदा वर्षे पुरी व्हायला आठवडाच उरला होता. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर मुलांच्या बुटांत भेटवस्तू ठेवण्याची त्यांच्या घरची रीत. थकलेले वडील त्रासून म्हणाले की, बरे झाले, हे यंदा शेवटचेच. जिना चढताना तिने ते ऐकले. डोळे भरून आले. बहीण सेलिन म्हणाली, लगेच खाली जाऊ नकोस. पण तेरेसा डोळे पुसून खाली गेली आणि वडिलांसमोर हसत एकेक भेट काढू लागली. वडीलही हसले. त्या रात्रीला ती पुढे आपले परिवर्तन म्हणत असे. स्वतःच्या दुखावल्या मनावरून तिची दृष्टी वडिलांच्या आनंदाकडे वळली होती, आणि हे बळ प्रभूचे होते असे ती मानी.

ते पत्र मी पवित्र साक्रामेंतासमोर पुन्हा वाचले आणि रोजच्या मिस्सात, नाव ठाऊक नसलेल्या त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करू लागलो. आरंभी ती केवळ ओठांवरची होती. काही आठवड्यांनी तळहात पुन्हा नुसते तळहात दिसू लागले.

एक मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. दारू पिऊन रोज बायकोला शिवीगाळ करणाऱ्याचे शब्द मुकाट गिळत राहणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. प्रभूने शिपायाला जाब विचारला होता. अशा भगिनींनी घरातील वडीलधाऱ्यांशी, धर्मगुरूशी, गरज पडल्यास पोलिसांशीही बोलावे. क्षमा सत्याला घाबरत नाही.

आणि इतर वेळी? ज्याचे नाव आपण जपमाळेतून मुद्दाम वगळतो, त्याच्यासाठी आज एक ‘नमो मरिये’ म्हणून पाहावी. जड जाईल, पण गिळलेला शब्द बाहेर पडायला तेवढी फट पुरते.