कापडबाजारातील सूर

जर्मनीतील लाइपझिग नगराच्या जुन्या पेठेतून फिरताना एक गोष्ट प्रवाशाच्या लवकरच ध्यानी येते. येथील देखण्या वास्तू राजांच्या नाहीत. त्या व्यापाऱ्यांच्या आहेत. सॅक्सनीचा राजदरबार ड्रेस्डेनला होता. लाइपझिगचे वैभव मात्र दोन मोठ्या व्यापारी मार्गांच्या संगमावर उभे राहिले. १४९७ साली सम्राट मॅक्सिमिलियन याने येथील व्यापारी जत्रांना सनद दिली आणि दूरदूरचे सौदागर येथे येऊ लागले.

अशा नगरात संगीतसभाही व्यवहाराच्या चोख रीतीने सुरू झाली. १७४३ साली सोळा जण एकत्र आले. त्यांत उमराव होते, तसेच व्यापारीही होते. सोळा वादक निवडून त्यांचा खर्च त्यांनी आपसांत वाटून घेतला. आरंभी घरच्या दिवाणखान्यात आणि नंतर एका खाणावळीच्या दालनात हे वादन होई. पुढे १७८१ साली कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लाकडी सभागृह बांधले गेले. कापडाच्या त्या वास्तूला ‘गेवांडहाउस’ म्हणत. तेच नाव सभागृहाला आणि वाद्यवृंदालाही चिकटले. आज ऑगस्टस चौकात उभी असलेली वास्तू या नावाची तिसरी होय. ती १९८१ साली खुली झाली. खाली गाठी आणि वर गाणे, हा संसार आता उरलेला नाही; नाव तेवढे टिकले आहे.

याच वाद्यवृंदातील वादकांनी १८०८ साली चौघांचा एक तंतुवाद्यमेळ उभारला. तो आजतागायत अखंड चालू आहे. एक वादक निवृत्त होतो, दुसरा त्याच्या खुर्चीवर येतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पेढीसारखाच हा क्रम. या चौकडीचे वादन मोठ्या दालनात नव्हे, तर मेंडेल्सझोन या संगीतकाराचे नाव दिलेल्या लहान दालनात ऐकावे. तेथे सुमारे पाचशे श्रोते बसतात.

व्यासपीठावर चार खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या असतात. दोन व्हायोलिन, त्याहून किंचित मोठे व खोल आवाजाचे व्हिओला आणि गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे चेलो. छडी घेऊन ताल दाखवणारा संचालक येथे नसतो. ध्वनिक्षेपकही नसतो. पहिल्या व्हायोलिनवादकाने श्वास घेतला, मान किंचित हलवली, की चौघांचे गज एकदम तारांवर उतरतात. सुरावट बहुधा पहिल्या व्हायोलिनकडे असते. परंतु तिला आधार देणारे दुसरे व्हायोलिन क्षणभर ढळले, तर सारा डोलारा खचतो. म्हणून जाणकार श्रोत्यांची नजर वारंवार या दुसऱ्या वादकाकडे वळते.

या दालनात ऐकण्याजोगी रचना म्हणजे मेंडेल्सझोनची एफ मायनरमधील चौकडी. हा संगीतकार १८३५ पासून गेवांडहाउसच्या वाद्यवृंदाचा संचालक होता. मे १८४७ मध्ये त्याची थोरली बहीण फॅनी अकस्मात वारली. तीही संगीतरचनाकार होती आणि त्याच्या रचनांची पहिली पारखी होती. त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये राहून त्याने ही चौकडी लिहिली. आरंभीच तारांवर गज थरथरू लागतात आणि ती अस्वस्थता शेवटपर्यंत शमत नाही. चार भागांपैकी तिसरा तेवढा संथ व हळुवार आहे. शोक करणाऱ्याचा क्षणभर डोळा लागावा, तसा. चौथ्या भागात पुन्हा तोच क्षोभ. भागांच्या मध्ये कोणी टाळ्या वाजवत नाही. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी मेंडेल्सझोनही लाइपझिगमध्येच निवर्तला. त्याचे वय अवघे अडतीस वर्षांचे होते.

हे सूर याच नगरात ऐकताना एक वेगळे ओझे जाणवते. मेंडेल्सझोन जन्माने ज्यू कुळातला. १८९२ पासून दुसऱ्या गेवांडहाउससमोर उभा असलेला त्याचा पुतळा नोव्हेंबर १९३६ मधील एका रात्री हटवण्यात आला. महापौर गोर्डेलर तेव्हा परगावी होते. परतल्यावर पुतळा पूर्ववत बसवावा असा आग्रह त्यांनी धरला आणि तो मानला गेला नाही म्हणून पद सोडले. हिटलरविरोधी कटातील सहभागाबद्दल १९४५ साली त्यांना फाशी झाली. ज्या संस्थेची कीर्ती मेंडेल्सझोनने वाढवली, तिच्याच दारात त्याच्या नावाला जागा उरली नाही. वादन चालू होते, खुर्च्या भरत होत्या; पण परंपरा अखंड चालली एवढ्याने ती निर्मळ राहिली असे म्हणता येत नाही.

२००८ साली सेंट टॉमस चर्चजवळ पुतळ्याची नवी प्रतिकृती उभी राहिली. एका रात्रीत नाहीसे झालेले परत यायला बहात्तर वर्षे लागली.

चौकापासून थोड्याच अंतरावर गोल्डश्मिट रस्त्यावर मेंडेल्सझोनचे राहते घर आहे. जीर्ण होऊन पडण्याच्या बेतात आलेले हे घर संचालक कुर्ट माझूर यांच्या पुढाकाराने वाचले आणि १९९७ पासून तेथे संग्रहालय आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता त्याच्या दिवाणखान्यात संगीताची बैठक भरते. प्रवाशाने थोडे आधी पोहोचावे. दालन लहान आहे आणि ज्या घरात त्याने अखेरचा श्वास घेतला, तेथे वाद्ये सुरात लावली जाताना ऐकणे हाही त्या सकाळचा एक भाग असतो.