पडायला जागा नसलेला थेंब

थेंबाला पडायचं असतं. मे महिन्यात नंदुरबारला हमालाच्या कपाळावर तो उगवतो, भुवईपाशी अडतो, नाकाच्या कडेनं वाट काढतो, हनुवटीला लोंबकळतो आणि सुटतो. श्रावणात तोरणमाळला पानापानाच्या टोकाशी हेच चाललेलं असतं. टोकाला लोंबताना त्याच्या अंगात दोन ओढी असतात. एक स्वतःशी गोळा होऊन राहण्याची, पृष्ठताणाची. दुसरी खाली जाण्याची, वजनाची. लहान असतो तोवर पहिली जिंकते, म्हणून तो धरून राहतो. अंगानं भरला की दुसरी जिंकते आणि तो गळतो. आसवं गालावरून ओघळतात तीही या दुसऱ्या ओढीमुळे. आपल्या सिनेमानं हे ओघळणं फार जपलं. ग्लिसरीन घालून का होईना, नायिकेच्या गालावरून तो एक थेंब खाली आलाच पाहिजे.

आता हाच थेंब नंदुरबारच्या डोक्यावर चारशे किलोमीटर वर न्या. रस्त्यानं मुंबई गाठायला इथून जेवढं जावं लागतं, साधारण तेवढंच अंतर. एवढ्याशा उंचीवर पृथ्वीची ओढ संपेल कशी? जमिनीवर असते तिच्या जवळजवळ नव्वद टक्के ती तिथंही असते. ‘गुरुत्वाकर्षण संपलं’ असं म्हणत तरंगू लागणारी पात्रं चुकीचं बोलत असतात. थेंब तिथंही पडतच असतो. पण त्याच्यासोबत यानाची भिंत, खिडकी, अंतराळवीर, त्याचा पुढे केलेला हात, सगळंच पडत असतं, आणि ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगामुळे ते सगळं पृथ्वीला चुकवत तिच्याभोवती फिरत राहतं. सारंगखेड्याच्या यात्रेत आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा उठतो ना, तो तिथं उतरतच नाही.

ओढ आहे, पण आदळायला जमीन नाही. मग थेंबाच्या अंगात पहिली ओढ एकटीच राज्य करते. तो गोल होतो, इतका गोल की खाली कधी झालाच नसता. आणि लोचट होतो. ज्याला शिवेल त्याला धरतो, त्याच्यावर पसरतो, सहजी सोडत नाही. २०१३ साली कॅनडाच्या क्रिस हॅडफिल्ड यांनी अंतराळ स्थानकात भिजलेलं फडकं कॅमेऱ्यासमोर पिळून दाखवलं, तेव्हा पाणी खाली पडलं नाही. ते फडक्याभोवती नळीसारखं जमलं आणि तिथून त्यांच्या हातांवर चढून बसलं. २०२५च्या जून-जुलैत आपले शुभांशु शुक्ला तिथं होते, तेव्हा त्यांनीही पाण्याचा गोळा हवेत धरून त्याच्याशी खेळून दाखवलं.

या स्वभावाच्या थेंबाला सिनेमात काम मिळालं ते २०१३ मध्येच, अल्फोन्सो क्वारॉन यांच्या ‘ग्रॅव्हिटी’त. सँड्रा बुलक यांची रायन स्टोन सोयुझ यानात अडकली आहे, इंधन संपलं आहे, रेडिओवर कुठल्याशा परक्या माणसाचा आवाज येतो, मागे कुत्री भुंकतात, बाळ रडतं. तिला रडू फुटतं. तिचा अश्रू डोळ्यापासून सुटतो आणि तरंगत आपल्याकडे येतो. सुंदर आहे तो. मला तो प्रसंग आवडतो आणि म्हणूनच त्या अश्रूबद्दल वाईट वाटतं, कारण तो खोटा वागला. त्याला ढकलणारं तिथं कुणी नव्हतं. खरा अश्रू डोळ्यावरच राहिला असता, पुढच्या अश्रूंना सामावून घेत फुगला असता, पापण्यांवर पाण्याचा गोळा होऊन बसला असता. हॅडफिल्ड यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये हे दाखवलं होतं. ठरवून रडू येईना म्हणून त्यांनी पिण्याचं पाणी डोळ्यात सोडलं. ते तिथंच थरथरत राहिलं.

त्यांना हे आधीच ठाऊक होतं. २००१ च्या एप्रिलमध्ये ते पहिल्यांदा यानाबाहेर पडले होते, स्थानकाला नवा यांत्रिक हात जोडायला. शिरस्त्राणाच्या काचेवर धुकं धरू नये म्हणून लावलेलं द्रावण डाव्या डोळ्यात गेलं. डोळा झोंबू लागला, पाणी आलं. पृथ्वीवर त्या पाण्यानं डोळा धुऊन निघाला असता. तिथं पाणी साचलं, वाढलं आणि नाकाच्या दांडीवरून सरकत उजव्या डोळ्यात शिरलं. दोन्ही डोळे मिटले. हातात अवजार, पायाखाली जग, आणि शिरस्त्राणाच्या आत बोट घालायची सोय नाही.

दुसरा थेंब याहून भयंकर. १६ जुलै २०१३, ‘ग्रॅव्हिटी’ प्रदर्शित व्हायच्या अडीच महिने आधी. इटलीचे लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करत होते. मानेमागे गार ओल लागली. पोशाखातल्या थंडाव्याच्या यंत्रणेतलं पाणी चुकीच्या वाटेनं शिरस्त्राणात येत होतं. ते पायाशी जाईल कसं? ते डोक्याला धरून पुढे आलं, कानांत शिरलं, डोळ्यांवर चढलं, नाक झाकलं. त्यातच सूर्य मावळला. दिसत नाही, ऐकू नीट येत नाही, पुढचा श्वास हवेचा की पाण्याचा तेही कळत नाही, अशा अवस्थेत सुरक्षा-दोरीच्या आधारानं चाचपडत ते दारापर्यंत पोचले. सुमारे दीड लिटर पाणी होतं. बादलीभरही नाही, आणि निर्वात पोकळीत माणूस बुडाला असता.

असा नट हाताशी असताना त्याला नुसतं तरंगायला का लावायचं? शास्त्रीय अचूकतेचा आग्रह हा चुका काढणाऱ्यांचा छंद आहे असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली बक्षीस मिळालं, आणि त्यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे अनुभवानं माहीत आहे की विज्ञानाचा नियम कथेला अडवतो आणि त्या अडण्यातूनच ती पुढे जाते.

‘ग्रॅव्हिटी’तली त्या अश्रूहून मोठी चूक मी सोडून देतो. त्यात हबल दुर्बिणीपासून पाठीवरच्या जेटच्या जोरावर अंतराळ स्थानक गाठतात. हे किती अशक्य आहे ते नंदुरबारच्या कुठल्याही गच्चीवरून, पुस्तक न उघडता दिसतं. संध्याकाळी किंवा पहाटे हबल जातं ते जवळजवळ पश्चिमेकडून पूर्वेकडे, आडवं. स्थानक जातं ते तिरकं, नैर्ऋत्येकडून ईशान्येला किंवा वायव्येकडून आग्नेयेला. एकाची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंश कललेली, दुसऱ्याची ५१.६ अंश. एका वाटेवरून दुसरीवर जायला सेकंदाला किमान तीन किलोमीटरचा वेगबदल हवा. १९८४ मध्ये अंतराळवीरांनी वापरलेल्या खऱ्या जेटची ताकद जेमतेम पंचवीस मीटरची. पण ही चूक केली नसती तर गोष्टच उभी राहिली नसती. अश्रूच्या चुकीला तेही कारण नाही. उलट तिच्या डोळ्यांवर साचत जाणारं, समोरची बटणं धूसर करणारं पाणी दाखवलं असतं तर तो प्रसंग अधिक गुदमरवणारा झाला असता.

थेंबाला खरं वागू द्यायचं तर त्याला खरं पडू द्यावं लागतं. रॉन हॉवर्ड यांनी ‘अपोलो १३’साठी (१९९५) नटांना नासाच्या केसी-१३५ विमानात नेलं. विमान उंच चढून कमानीसारखं खाली झेपावतं आणि त्या कमानीत पंचवीसेक सेकंद सगळं वजनहीन होतं. तेवढ्यातच चित्रण उरकायचं आणि पुन्हा चढायचं, असं शेकडो वेळा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये क्लिम शिपेन्को आणि अभिनेत्री यूलिया पेरेसिल्ड ‘द चॅलेंज’ या रशियन चित्रपटासाठी थेट स्थानकावर गेले, बारा दिवस राहिले. तिथं कुठल्याही द्रवाला अभिनय शिकवावा लागत नाही.

अंतराळ स्थानकाची गोष्ट घेऊन उद्या कुणीतरी मराठीत चित्रपट करील. त्यात अंतराळवीर रडेलच, आईचा आवाज ऐकून म्हणा किंवा खिडकीखालून तापीचं खोरं सरकताना म्हणा. तिला टॉवेलनं डोळे टिपू द्या, कारण तिथं दुसरा इलाज नाही. आणि मग त्या आसवांच्या मागे जा. टॉवेल वाळतो, ओल हवेत मिसळते, यंत्र हवेतली सगळी ओल गोळा करतं, घाम आणि श्वासातली वाफही, लघवीचं पाणीही. अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये हे परत मिळवण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. शुद्ध झालेलं ते पाणी पिण्याच्या पिशवीत येतं. एकीचं रडणं काही दिवसांनी सगळ्यांच्या कॉफीत असतं आणि ते सगळे जाणून ती पितात. हा प्रसंग मी अजून कुठल्याही पडद्यावर पाहिलेला नाही.