युद्धाच्या दिवसांत चेन्नईत

आईच्या डाव्या डोळ्याचा पडदा निसटला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी चेन्नईला न्यायला सांगितलं, म्हणून मद्रास मेल पकडून आम्ही मायलेकी तिथल्या नुंगमबाक्कम भागात आलो. ऑपरेशन नीट पार पडलं. डोळ्यात गॅसचा फुगा सोडला होता. पडदा जागेवर चिकटेपर्यंत तो दाबून धरतो, पण त्यासाठी पेशंटनं रात्रंदिवस पालथं पडून राहायचं. जेवतानाही मान खाली. गॅस विरेपर्यंत विमानात बसायचं नाही, असंही बजावलं होतं.

७ मे २०२५ ला सकाळी लॉजच्या टीव्हीवर कळलं, रात्री आपल्या सैन्यानं पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी हल्ले केले. माझा भाचा सोन्या सैन्यात आहे, जम्मूजवळ अखनूरला. आईला सांगावं की नाही, या विचारात मी जिना चढून वर आले, तर दोन उशांच्या फटीतून तिनंच विचारलं, "सोन्याचा फोन लागतो का बघ गं." खालचा आवाज वर येतच होता. फोन बंद होता.

दुपारी तिनं मला देवीला पाठवलं. जॉर्जटाऊनमध्ये तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचं देऊळ आहे. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराज इथं दर्शनाला आले होते, असं देवळात सांगतात. मोहिमेतल्या माणसानं जिथं हात जोडले तिथं नातवासाठी जोडायचे, एवढं आईला पुरे होतं. रिक्षावाला हिंदी बोलणारा होता. आज दोन ठिकाणी युद्धसराव आहे, एक चेन्नई बंदरात आणि एक कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रात, हे त्याच्याकडून कळलं. गावात मात्र कुठं काही नव्हतं. फुलवाल्या बायका जाई-मोगऱ्याचे गजरे मोजून देत होत्या, बस भरून चालल्या होत्या.

परतताना त्यानं हायकोर्टाची पूर्वेची भिंत दाखवली. तिथं एक शिळा आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एम्डेन या जर्मन युद्धनौकेनं समुद्रातून मद्रासवर तोफा डागल्या आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या, त्याची ती खूण. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपान्यांनी कोलंबोवर, मग विशाखापट्टणम-काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, तेव्हा तर सरकारनं कचेऱ्याच आत हलवल्या आणि लोकांना मद्रास सोडायला सांगितलं. प्राणिसंग्रहालयातली हिंस्र जनावरं गोळ्या घालून मारली. रिक्षावाल्याची आजी तेव्हा कडेवरचं पोर घेऊन कांचीपुरमकडे गेली होती. आपल्याकडे युद्ध म्हटलं की नजर उत्तरेला जाते. इथल्या माणसाची समुद्राकडे गेली.

आमच्या शेजारच्या खोलीत जम्मूचं एक कुटुंब होतं. सासऱ्यांचं ऑपरेशन उरकून ते परत निघाले होते, तर जम्मूचा विमानतळच बंद. ८ तारखेच्या रात्री जम्मूत दिवे गेले, आकाशात ड्रोन दिसू लागले. सूनबाई फोन कानाला लावून जिन्यात बसली होती. तिची दोन मुलं तिकडं आजोळी, अंधारात. नेमका त्याच वेळी खाली टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचा जल्लोष चालला होता. सामन्याचं समालोचन चालावं तसा आवाज. बातमी खोटी होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. माझा संताप अजून गेलेला नाही. ज्यांची माणसं तिकडं आहेत त्यांच्या कानावर खोटा शब्द घालणं हा अपराधच आहे. ती बाई खाली गेली, मॅनेजरच्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. कुणी चकार शब्द काढला नाही. मग ती आमच्या खोलीत आली आणि आईच्या खाटेजवळ जमिनीवर बसली. म्हणजे पालथ्या आईला तिचा चेहरा दिसावा. आईचं हिंदी यथातथाच. पण दोघी रात्रभर बोलत होत्या.

१० मेच्या संध्याकाळी मुख्यमंत्री स्टालिन यांनी सैन्याच्या पाठिंब्यासाठी समुद्रकाठच्या रस्त्यानं युद्धस्मारकापर्यंत मोर्चा काढला. शाळकरी पोरांपासून माजी सैनिकांपर्यंत हजारो माणसं तिरंगे घेऊन चालली. त्याच सुमारास शस्त्रसंधीची बातमी आली. मी जिन्यातून धावत वर गेले. सूनबाई हसली, पण मुलांशी बोलल्याशिवाय तिला खरं वाटेना. आणि रात्री जम्मूत पुन्हा स्फोटांचे आवाज आले.

भाच्याचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. जेमतेम मिनिटभर. "आजीला मान वर करू देऊ नका," एवढं त्यानं दोनदा सांगितलं.

विमानतळ उघडायची वाट न बघता जम्मूकरांनी अंदमान एक्सप्रेसची तिकिटं काढली. आईनं सोलापूरहून आणलेली शेंगाचटणी आणि कालिकांबाळचं कुंकू एका डब्यात भरायला लावलं. अखनूर त्यांच्या घरापासून तासाभरावर. सूनबाईनं डबा घेतला आणि विचारलं, युनिट कुठलं, गेटवर कुणाचं नाव सांगू? आईला ठाऊक नव्हतं. फोनवर विचारायचं नाही, अशी त्याची ताकीद. शेवटी ठरलं, डबा त्यांच्या घरी राहील आणि सुट्टी मिळाली की तोच जाऊन घेईल. तिनं पत्ता आणि नंबर आईच्या औषधांच्या कागदामागं लिहून दिला, वर बजावलं, "जेवून जायला सांगा त्याला."